बुध वक्री असताना फ्लॅटचं साठेखत करावं का? नाशिककरांनो, जरा सांगा

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

पाथर्डी फाट्याजवळ एक टू बीएचके पसंत केलाय. सध्या पितृपक्ष, म्हणून घरात त्याचा विषय काढायचा नाही. दसऱ्याला टोकन द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात साठेखत नोंदवायचं असं ठरलं होतं. परवा नणंदबाई आल्या आणि त्यांनी मोबाइलवर एक रील दाखवली. २४ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२६ बुध वक्री! सह्या करू नका, मोबाइल-गाडी घेऊ नका, प्रवास टाळा, महत्त्वाचं बोलणं पुढे ढकला, आणि जुनी प्रेमप्रकरणं डोकं वर काढतील. (शेवटच्या मुद्द्यावर आमचे हे जरा जास्तच विचारात पडले.)

सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी साडेसाती होती, मंगळ होता. हा बुध कधी कुणाला आडवा गेला नव्हता." नणंदबाई म्हणतात, तेव्हा माहिती नव्हती, आता कळलंय. मी मध्ये. बँकेच्या मंजुरीपत्राला मुदत आहे, बिल्डरचा माणूस रोज फोन करतोय.

तर प्रश्न: आपल्या ज्योतिषात हे खरंच आहे का? असेल तर तुम्ही या तीन आठवड्यांत काय पथ्य पाळता? टिंगल करायची असेल तर करा, पण सोबत कामाचंही काही सांगा.

तिरकस
पहिला प्रतिसाद माझा. बुध वक्री व्हायच्या आत टाकून घेतो, नंतर सर्व्हर चालेल न चालेल.

लासलगावचा
आमच्याकडे कांद्याचे भाव बाराही महिने वक्री. त्यावर काही शांत असेल तर तीही सांगा.

शुभांगी_सिडको
हसा तुम्ही, पण मला अनुभव आहे. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये वक्री होता तेव्हा माझा फोन बंद पडला, मुलाच्या प्रवेशाच्या अर्जात जन्मतारीख चुकली आणि जावेशी फोनवर असं काही झालं की दिवाळीपर्यंत बोलणं नव्हतं. एकाच महिन्यात तिन्ही! तेव्हापासून मी कॅलेंडरवर तारखा लिहूनच ठेवते. त्या दिवसांत नवीन काही घेत नाही, जावेला फोन करत नाही.

अंबडचा_इंजिनिअर
शुभांगीताई, बुध वर्षातून तीनदा, कधी चारदा वक्री होतो, दर वेळी साधारण तीन आठवडे. म्हणजे वर्षातले साठ-सत्तर दिवस. एवढ्या दिवसांत फोन बिघडणार नाही, अर्ज चुकणार नाही, जाऊ चिडणार नाही असं घर मला दाखवा. मार्गी, म्हणजे सरळ चालीत, असताना फोन पडला तर आपण "हात ओला होता" म्हणतो, वक्री असताना पडला की बुध. आमच्या कंपनीत मशीन बंद पडलं की शिफ्टसकट नोंद होते. तशी वर्षभर एक वही ठेवा, मग बोलू.

शुभांगी_सिडको
वही ठेवते. पण तुम्ही जावेला ओळखत नाही.

आकाशवेडा
वक्री म्हणजे ग्रह खरोखर उलटा फिरतो असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून थोडं लिहितो.

बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत एक फेरी मारतो, आपल्याला वर्ष लागतं. त्यामुळे साधारण ११६ दिवसांनी तो आतल्या बाजूने आपल्याला मागे टाकून पुढे जातो. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर उभे राहा. पळणारा माणूस पलीकडच्या बाजूला डावीकडून उजवीकडे जाताना दिसला, तर तोच अलीकडे आला की उजवीकडून डावीकडे जाताना दिसेल. त्याने दिशा बदललेली नाही, तो ट्रॅकवरच आहे. बुध सूर्याच्या अलीकडून जातो त्या सुमाराचे तीन आठवडे म्हणजे त्याचा वक्री काळ.

बुध नेमका सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो त्याला अधिक्रमण म्हणतात. ११ नोव्हेंबर २०१९ ला झालं होतं, पुढचं १३ नोव्हेंबर २०३२ ला. अधिक्रमणाच्या वेळी बुध कायम वक्रीच असतो, त्याशिवाय तो मध्ये येणारच नाही. म्हणजे ज्याला दुर्बिणीवाले रजा टाकून बघतात, त्यालाच रीलवाले घाबरतात.

मिसळ_बहाद्दर
गोल्फ क्लबवर मी रोज चालतो. आमच्या ग्रुपमधले काका अर्ध्यातच वळून चहाच्या टपरीकडे जातात. ते खरे वक्री.

पंचांगी
धागाकर्त्या ताईंच्या मूळ प्रश्नावर कुणी आलंच नाही, म्हणून लिहितो. मी व्यवसायाने ज्योतिषी नाही, पण घरात तीन पिढ्या पंचांग आहे आणि नात्यातले मुहूर्त मीच काढून देतो.

एक. वक्री ग्रह आपल्याकडे नवीन नाहीत. सूर्यसिद्धान्तात ग्रहांच्या आठ प्रकारच्या गती सांगितल्या आहेत, वक्र, मंद, सम, शीघ्र वगैरे. पंचांगात ग्रह वक्री-मार्गी कधी होतो ते छापलेलं असतं, पत्रिकेतही वक्री ग्रहापुढे 'व' लिहितात. सूर्य-चंद्र कधी वक्री होत नाहीत, राहू-केतू कायम वक्रीच. राहू-केतूंच्या वक्रीपणाला घाबरून कुणी खरेदीखत थांबवलेलं ऐकलंय का?

दोन. आपल्या परंपरेत वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं. म्हणजे तो दुबळा होत नाही, बळकट होतो. बळकट झाला की चांगलंच करेल असं नाही. तो पत्रिकेत कुठे बसलाय, कुणाचा स्वामी आहे, दशा कुणाची चालू आहे, सगळं बघावं लागतं. सरसकट सगळ्या जगाला तीन आठवडे बंदी, हा प्रकार पाश्चात्त्य पद्धतीतून इंटरनेटमार्गे आला.

तीन. मुहूर्ताला आम्ही गुरू-शुक्राचा अस्त बघतो. त्या काळात लग्न-मुंज करत नाहीत. भद्रा बघतो, तिथी-नक्षत्र बघतो. बुध वक्री आहे म्हणून साठेखत पुढे ढकला, असं निदान मी तरी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या सासूबाई बरोबर आहेत.

नणंद_पक्ष
नाव बघून घाबरू नका, मी ती नणंद नाही, पण बाजू तिची घेणार. :) पंचांगीकाका, बुध हा वाणी, व्यापार, लेखन, हिशेब यांचा कारक हे तुम्हीही मानता ना? मग तो नेहमीच्या चालीने नसताना कागदपत्रांत जरा जपा म्हटलं तर एवढं काय बिघडलं? पाश्चात्त्य म्हणून सगळं टाकाऊ का? नाशिकची द्राक्षाची वाइनही तिकडूनच आलेली, ती चालते.

पंचांगी
कारक मान्य. जपा हेही मान्य. "करूच नका" याला माझी हरकत आहे. वाइनबद्दल मौन.

शिवाय त्या रीलमध्ये बहुतेक "वृश्चिकेत वक्री" लिहिलं असणार, कारण ते सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीचं गणित आहे. आपल्या निरयन पंचांगात २४ अंशांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे तोच बुध तुळेत वक्री होतोय. वक्री होण्याच्या तारखा त्याच, रास वेगळी. आणि रीलमधली "वृश्चिकवाल्यांनो सांभाळा" ही रास इंग्रजी जन्मतारखेवरून, म्हणजे सूर्याची; आपण रास म्हणतो ती चंद्राची. एका चुकीच्या राशीतला बुध दुसऱ्या चुकीच्या राशीच्या माणसाला बाधतोय असा सगळा आनंद.

गोदाकाठची
अहो काका, नेमकं हेच! नणंदबाईंची पत्रिकेत रास मेष, आणि रील बघून त्या स्वतःला वृश्चिक समजून बसल्यात. आज संध्याकाळी सांगते त्यांना. नको, सासूबाईंनाच सांगायला लावते.

द्राक्षबाग_निफाड
आमच्याकडे हे दिवस ऑक्टोबर छाटणीचे. वडील अजून नक्षत्रं बघतात, पण ती पावसाची. हस्ताचा पाऊस किती झाला, चित्राचं काय, स्वाती लागल्यावर आभाळ राहील का. छाटणी लवकर घेतली आणि वरून पाऊस आला की कोवळ्या फुटीवर डाऊनी (बुरशीचा रोग) येतो, फवारणीचा खर्च वेगळा आणि घड जिरतात ते वेगळंच. उशिरा घेतली तर माल सगळ्यांच्या सोबत बाजारात. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायला बायका सकाळी सातला येतात, दुपारी ऊन चढायच्या आत ओळी उरकायच्या. त्या दिवशी मजूर मिळाले हाच मुहूर्त.

मोठा भाऊ मात्र हल्ली मोबाइलवर वक्री-बिक्री बघतो. म्हणाला, १३ नोव्हेंबरनंतर छाटू. वडील म्हणाले, बुधाला विचार, डाऊनीचं औषध तो फवारणार आहे का.

तिरकस
वडिलांना आयडी काढून द्या इथे.

मेनरोडवाली
उपायांचं कुणी बोललं नाही. बुधवारी हिरवे मूग दान, विष्णुसहस्रनाम, गणपतीला दूर्वा. आमच्या आत्या नवग्रह स्तोत्रातला बुधाचा श्लोक म्हणतात, प्रियंगुकलिकाश्यामं. खर्च काही नाही, मन शांत राहतं. सही करायला जाताना हात थरथरत नाही एवढा तरी उपयोग होतोच.

पण पाचू घ्यायची घाई करू नका. माझं माहेर सराफीतलं. बहुतेक पाचूंमध्ये मुळातच बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवलेलं असतं. लोक अंगठी घालून भांडी घासतात, गरम पाण्यात हात घालतात. वर्षभरात खडा निस्तेज दिसायला लागतो. मग दुकानात येऊन म्हणतात, बुध कोपला. बाबा भिंगातून खडा दाखवायचे, रेघा मोजायला लावायचे, आणि म्हणायचे, बुध नाही हो, भांड्याचा साबण.

अंबडचा_इंजिनिअर
मेनरोडवाली, हा या धाग्यावरचा सर्वात शास्त्रीय प्रतिसाद आहे.

वकीलीणबाई
मी ज्योतिष मानत नाही, पण वक्री बुधाची आभारी आहे. या निमित्ताने तरी लोक कागद वाचतात. एरवी पानोपानी खुणेच्या जागी सह्या ठोकून मोकळे होतात.

गोदाकाठची, तुमच्यासाठी कामाचं:

बिल्डर नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही, रेरा कायद्याचं कलम १३. दसऱ्याचं टोकन या हिशेबात बसवा. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा, ताबा देण्याची तारीख तिथे काय आहे आणि मसुद्यात काय आहे. क्षेत्रफळ चटई क्षेत्र म्हणून लिहिलंय का. पार्किंग नुसतं "देण्यात येईल" आहे की जागेसह. नावांची स्पेलिंग आधार-पॅनशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. 'सुनीता'चं एक अक्षर चुकलं तर चूक-दुरुस्ती लेख करावा लागतो, पुन्हा सगळ्यांना तिथे हजर करा, पुन्हा अंगठे.

आणि मुहूर्ताची फारच अडचण असेल तर एक सोय कायद्यातच आहे: दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर करता येतो. पण या सवलतीवर निवांत बसू नका. बँक थांबत नाही आणि बिल्डरचं मन तर बुधापेक्षा लवकर वक्री होतं.

मसुदा चार-पाच दिवस आधी मागून घ्या, मेलवर. "इथेच वाचा मॅडम, सगळ्यांचा हाच असतो" म्हणाले तर उठून या.

शुभांगी_सिडको
बघा, शेवटी सगळे तेच सांगताय. नीट वाचा, जपून सही करा. रीलमध्येही हेच होतं.

अंबडचा_इंजिनिअर
नाही ताई. रीलमध्ये "तीन आठवडे करू नका" होतं. बाई सांगताहेत "बाराही महिने वाचा". १४ नोव्हेंबरला न वाचता सही केली तर मार्गी बुध वाचवायला येणार आहे का?

कोणे_एके_काळी
माझ्याच पत्रिकेत जन्मतः बुध वक्री आहे. लहानपणी आजी म्हणायची, म्हणून हा उलट बोलतो. मी आयुष्यभर प्रूफं तपासून पोट भरलं. लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, वक्री बुधाला यापेक्षा बरी नोकरी कुठली?

आकाशवेडा
गणितानेच बघितलं तर ११६ दिवसांतले बावीसेक दिवस वक्री, म्हणजे दर पाच माणसांत जवळपास एक जण तुमच्यासारखा. तुम्ही अल्पसंख्याकही नाही.

पंचवटीकर
अवांतर, पण नाशिकचा धागा आहे म्हणून. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला. गुरू सिंहेत जातो तो दिवस. आणि बुध वक्री २४ पासून. म्हणजे बारा वर्षांनी येणारा आपल्या गावचा सर्वात मोठा सोहळा वक्री बुधात सुरू होतोय. आखाडे, पुरोहित संघ, प्रशासन, कुणी तारीख बदला म्हटलंय का?

पंचांगी
उत्तम मुद्दा, मला सुचायला हवा होता. त्यात आणखी भर. तो गुरूसुद्धा डिसेंबरात वक्री होतो, जानेवारीत मागे कर्केत येतो आणि जूनअखेर पुन्हा सिंहेत जातो. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. साक्षात सिंहस्थाचा गुरू मागेपुढे करतो आणि गोदाकाठ त्याच्याप्रमाणे थांबून घेतो.

मिसळ_बहाद्दर
गुरू मागेपुढे करेल तेवढ्यात रस्ते पूर्ण होतील का, एवढंच विचारा त्याला. द्वारकेवरून रोज जाणारा एक भक्त.

सातपूरची_सून
सिंहस्थाचा विषय निघालाच आहे तर माझी अडचण घ्या. दिराचं लग्न ठरतंय. मामेसासरे म्हणतात सिंहस्थात लग्न नको. हे खरं का?

पंचांगी
सिंहेत गुरू असताना विवाह वर्ज्य असं वचन आहे, पण ते गोदावरीच्या उत्तर तीरापासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशाला. त्यालाही अपवाद सांगितले आहेत. तुमच्या गुरुजींना विचारा, इथे वाचून ठरवू नका.

पंचवटीकर
म्हणजे मी उत्तर तीरावर, मला दोष. सातपूर दक्षिण तीरावर, त्यांना मोकळीक. होळकर पूल ओलांडून कार्यालय घेतलं की झालं! काका, ग्रहांना नाशिकचा नकाशा पाठ आहे म्हणायचा.

तिरकस
नवरी पंचवटीची, नवरदेव सातपूरचा असेल तर मंगलाष्टकं पुलावर.

सातपूरची_सून
नवरी खरंच पंचवटीची आहे. :|

संपादक
मंडळी, सिंहस्थ-विवाहासाठी स्वतंत्र धागा काढावा. येथे वक्री बुधावर चर्चा चालू ठेवावी. मध्यंतरीचे दोन वैयक्तिक प्रतिसाद काढले आहेत.

शुभांगी_सिडको
माझा काढलात आणि इंजिनिअरचा ठेवलात?

संपादक
दोघांचाही एकेक काढला आहे.

डॉक्टर_नाशिकरोड
थोडं गंभीर. दवाखान्यात हल्ली लोक तपासणी पुढे ढकलायला लागलेत. एक बाई रक्ताचे रिपोर्ट "बुध मार्गी झाला की आणते" म्हणाल्या, साखर तीनशेच्या वर होती. घराची सही महिनाभर थांबली तर फार तर बिल्डर भाव वाढवेल. पण औषध, तपासणी, ऑपरेशनची तारीख यात बुध, शुक्र, कुणालाच घेऊ नका. मूग मात्र जरूर घ्या, दान केले तरी आणि खाल्ले तरी.

नणंद_पक्ष
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आम्ही मानणारेसुद्धा इतके वेडे नसतो. मी एवढंच करते: त्या दिवसांत मोबाइलमधले फोटो दुसरीकडे उतरवून ठेवते, प्रवासाला अर्धा तास आधी निघते आणि रागात लिहिलेला मेसेज सकाळी पाठवते. सकाळी तो बहुधा पाठवावासा वाटत नाही.

अंबडचा_इंजिनिअर
हे पथ्य मलाही चालेल. कारण तेवढं सांगू नका.

आकाशवेडा
आणखी एक पथ्य माझ्याकडून. दिवाळी झाली, १३ तारीख गेली की नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बुध पहाटे पूर्वेला दिसेल. सूर्योदयाच्या पाऊण-एक तास आधी, पूर्व मोकळी असलेल्या गच्चीवरून. क्षितिजाजवळ, फारसा न लुकलुकणारा ठिपका. बुध सूर्यापासून कधी २८ अंशांच्या पलीकडे जात नाही, म्हणून तो बघायला मिळणंच अवघड. ज्याच्या नावाने महिनाभर घर डोक्यावर घेतलं त्याला इथल्या किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय?

कोणे_एके_काळी
मी नाही. पासष्टी उलटली. येतो गच्चीवर.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. घडामोडी सांगते.

वकीलीणबाईंनी सांगितलं तसं मसुदा मेलवर मागितला. दोन दिवस "साहेब बाहेरगावी आहेत" झालं, मग आला. पार्किंगच्या ओळीत "उपलब्धतेनुसार" असं लिहिलंय, आणि ताबा महारेरावर दिलेल्या तारखेनंतर सहा महिन्यांनी. दोन्ही दुरुस्त करून द्या म्हणून लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही. ते आलं तरच दसऱ्याला टोकन.

घरात असं ठरलं की साठेखत बुधवारी, २८ ऑक्टोबरला. त्याच्याच वारी त्याला काय अडचण, असं सासूबाईंचं म्हणणं. नणंदबाईंना हे मान्य नाही, पण साक्षीदार म्हणून सही करायला त्याच येणार आहेत, कारण त्यांच्या आधारवरचा पत्ता बरोबर आहे आणि माझ्या भावाच्या आधारवर अजून जुन्या घराचा आहे. येताना हिरवी साडी नेसणार म्हणाल्या. नेसा म्हटलं.

वकीलीणबाई
"उपलब्धतेनुसार" अजिबात मान्य करू नका. आणि ते बदललेलं पान पुन्हा पूर्ण वाचा, एक ओळ दुरुस्त करताना दुसरी सरकवतात.

नवा_सदस्य_नाशिक
धागा पूर्ण वाचला नाही. लॅपटॉप घ्यायचाय. दसऱ्याला घेऊ की बुध मार्गी झाल्यावर?

तिरकस
दसऱ्याला बुध अजून मार्गीच आहे. पण आधी धागा वाच, मग लॅपटॉप घे.